जिन्याखालचा डाग

माझ्या साडूंइतका आनंदाने गोंधळलेला माणूस अख्ख्या सोलापुरात शोधून सापडायचा नाही. ते पेशाने आर्किटेक्ट. आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून हिचे दाजी, आणि हिच्या नादाने माझेही दाजीच. घर कसं होणार असं कुणी विचारलं, की ते खुशीत सांगत, "अजून माहीत न्हाई की." एवढं ऐकून गिऱ्हाइकाने पळ काढायचा, तर ते उलट दाजींनाच जेवायला थांबवून घ्यायचं. मग भाकरी आणि शेंगाचटणीचं ताट बाजूला सारून दाजी कागद पसरत आणि जाड पेन्सिलीने रेघोट्या ओढत. एका भिंतीसाठी रेघांचा नुसता गुंता. त्यातली खरी कोणती हे विचारायची सोय नव्हती. वर तळहाताला चटणीचं तेल, त्याने सगळं फासलं जाई. आमच्या वेळी त्या धुरकट कागदात एकाच जागी माझ्या आईला देवघर दिसे आणि मला पुस्तकांची खोली. आम्ही हमरीतुमरीवर आलो की दाजी खूश, कारण त्यातूनच त्यांना घर सुचे.

जुळे सोलापुरातल्या आमच्या घराचा पहिला कागद असाच झाला. जिन्याखाली एक करडा डाग पडला होता.

"दाजी, हे काय?" हिने विचारलं.

चष्मा कपाळावर सारून त्यांनी तो डाग बराच वेळ न्याहाळला. "माहीत न्हाई. पण कायतरी हाय हितं."

"मग ते माझं," ही म्हणाली. लग्नापासून हिला स्वतःची म्हणून बसायची जागा नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

पुढे दाजींच्या लेकीने त्यांना चित्रं काढायचा टॅबलेट घेऊन दिला. वाकडी रेघ काढली की तो आपणहून ती सरळ करी, आणि सरळ झालेली रेघ दाजींना लगेच भिंत वाटे. दोन बोटांनी चित्र मोठं करत ते इतके आत शिरत, की घराचं दार ठरायच्या आधी चपलांच्या कपाटाची मूठ ठरलेली असे. दर भेटीला नवं चकचकीत घर. एकदा तर चित्रातल्या आमच्या दिवाणखान्यात कुणी गोरी बाई कुत्रा घेऊन उभी. आईने विचारलं, "ही कुणाकडची?" इतक्या नेटक्या चित्राशी भांडायचं कसं ते कळेना, म्हणून आम्ही माना डोलावत गेलो. हे बरं झालं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही. घर वेळेत झालं आणि मे महिन्यातही बऱ्यापैकी गार राहतं.

फक्त जिन्याखालून आता स्वयंपाकघराकडे सरळ वाट जाते. ही तिथेच खुर्ची टाकून बसते आणि येणारा-जाणारा तिला धडकतो.

परवा दाजीही धडकले. गुडघा चोळत म्हणाले, "हितं खुर्ची कुणी ठेवली?"

"मी. ते कायतरी हितंच होतं की, दाजी."

त्यांनी टॅबलेट उघडून पाहिलं. खोल्या सगळ्या होत्या, डाग तेवढा नव्हता. त्यांचा चेहरा इतका उतरला, की मला त्यांच्याबद्दल माया वाटली. टॅबलेट पायरीवर ठेवून ते त्या खुर्चीत बसले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"अजून माहीत न्हाई," ते हळूच म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून किती दिवस झाले होते.

ही चहा ठेवायला गेली. येताना खुर्चीला वळसा घालून आली.