म्याच हाय ती

भोरात एक बाई आठ दिवस स्वतःच्या ओळखीची भीक मागत होती आणि ती माझ्या दारात, हे सांगताना मला आजही गुदगुल्या होतात.

ती माझी शाळेतली मैत्रीण, मूळची भोंगवलीची. नर्स होऊन इंग्लंडला गेली, तिथं छोटासा फ्लॅट घेतला. पस्तिशीत परतून भोरच्या घरात लग्न केलं. नवऱ्यानं तांदळाच्या ताटात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं. बापाच्या नावाच्या जागी त्याचं आलं, आडनाव सासरचं. तिन्ही शब्द बदलले. लग्नाची नोंद आणि पासपोर्टही नव्या नावानं झाले. फ्लॅट मात्र जुन्या नावावरच राहिला.

लग्नानंतर ती एकदा सासूबरोबर एसटी स्टँडवर दिसली. मी हर्षानं ओरडले, "ए टिटवे!" शाळेत तिचा आवाज तसाच होता, चिरका. तिनं काळा चष्मा वर केला. "माफ करा, मी ओळखलं नाही आपल्याला."

"कोन गं ही?" सासूनं विचारलं.

"कुणी नाही. चुकून हाक मारली असेल."

ते 'कुणी नाही' मी वीस वर्षं लोणच्यासारखं मुरवलं.

गेल्या वर्षी तिचा नवरा गेला आणि सासरच्यांनी तिला मागच्या खोलीत ढकललं. फ्लॅट विकून उत्रोलीत दोन खोल्या बांधायच्या, एवढंच तिला हवं होतं. गिऱ्हाईकही मिळालं. पण तिकडच्या वकिलानं विचारलं, मालकीण वेगळीच दिसते, तुम्ही कोण? दोन्ही नावांची बाई एकच, असं नात्याबाहेरच्या, नोकरदार माणसानं तिच्या फोटोमागं लिहून द्यायचं होतं. तिला दोन्ही नावांनी ओळखणारी तशी बाई भोरात एकच उरली होती. कॉलेजात शिकवणारी मी.

ती स्टाफरूममध्ये आली. मी चष्मा वर केला. "माफ करा, मी ओळखलं नाही आपल्याला."

"अगं, चेष्टा करू नकोस. गिऱ्हाईक पुढच्या शुक्रवारपर्यंतच थांबणार आहे."

"खोट्या सहीवर नोकरी जाते, बाई. पुरावा?"

तिनं आमच्या बाकाचा नंबर सांगितला, बाईंची छडी सांगितली. मी मान हलवत राहिले. शेवटी तिचं सगळं इंग्लंड गळून पडलं. "आगं, म्याच हाय ती! म्याच!"

त्या 'म्याच'वर सही करायला हवी होती. तोवर अख्खी स्टाफरूम कान देऊन बसली होती, आणि मला प्रेक्षक असले की आवरत नाही.

"मग टिटवीचा आवाज काढ."

तिनं काढला. पंचावन्न वर्षांची बाई, पांढऱ्या केसांची, पदर तोंडाजवळ धरून: टिटिव टिव, टिटिव टिव. प्राध्यापक मंडळी टेबलं बडवत हसली.

"आवाज बदललाय," मी म्हटलं. "वर्गाचा फोटो आण."

फोटोसाठी ती भोंगवलीला भावाच्या माळ्यावर चढली. सोमवारी घेऊन आली. नेमका तिचाच चेहरा कसरीनं खाल्ला होता. माझा शाबूत, दोन वेण्या. मी पोट धरून हसले आणि तिला उद्या बोलावलं. मंगळवारी तास आहे म्हटलं, बुधवारी डोकं दुखतंय, गुरुवारी पेन सापडेना. शुक्रवारी संध्याकाळी सही केली, वळणदार, दोन रेघा ओढून.

हा किस्सा मी लग्नाकार्यात टिटवीच्या आवाजापर्यंतच सांगते. तिथं हमखास हशा येतो.

सहीनंतरच्या सोमवारी ती पुन्हा आली होती. दारातूनच म्हणाली, "गेलं गिऱ्हाईक. त्यांनी दुसरं घर धरलं."

"मिळेल दुसरं. मी आहे ना पुन्हा सही द्यायला."

तिनं वर्गाचा तो फोटो माझ्या टेबलावर ठेवला. "राहू दे तुझ्याकडं. दुसऱ्यांदा न्हाई जमायचं मला."

कॉलेजचा माझा रस्ता तिच्या मागच्या खोलीवरूनच जातो. ती दिसली की मी मुद्दाम हाक मारते, "टिटवे!"

ती कपडे वाळत घालता घालता पदर सावरते आणि अगदी खालच्या आवाजात म्हणते, "या, मॅडम."