दुपारी ताठ राहिलेली झाडं

पीक पैदासशास्त्र शिकत असताना माझा पहिला जमलेला संकर आईच्या भुईमुगाशी केलेला होता. कळंबजवळच्या आमच्या मुरमाड तुकड्यात ती एक जुना पसऱ्या, म्हणजे जमिनीवर पसरणारा, भुईमूग लावायची. शेंगा बारीक, पण पावसानं ओढ दिली तरी झाड तग धरायचं. कॉलेजच्या शेतावरचा उपट्या, म्हणजे उभा वाढणारा, भुईमूग टपोऱ्या शेंगांचा, पण पाण्याच्या दोन पाळ्या चुकल्या की मान टाकणारा. संध्याकाळी उपट्याच्या कळीतले पुंकेसर चिमट्यानं काढायचे, सकाळी तिथं पसऱ्याचा पराग लावायचा. कितीतरी फुलं वाया गेली, मोजक्याच शेंगा धरल्या.

त्या दाण्यांची झाडं सगळी पसरीच निघाली. आई हिरमुसली. "ही तर समदी माझ्याचवानी. तुझं उपटं कुठं गेलं?"

"दडलंय. पुढच्या पिढीत दिसेल."

पुढच्या खरिपात त्यांचं बी आमच्याच तुकड्यात पेरलं. पसरी, उपटी, मधलीच, सगळी सरमिसळ उगवली. ऐन फुलोऱ्यात पाऊस थांबला. कोण तग धरतं ते बघायला मी मुद्दाम पाणी दिलं नाही. रोज संध्याकाळी कॉलेजातून येऊन नोंदी करायची.

एक दिवस आई म्हणाली, "संध्याकाळी समदीच टवटवीत दिसत्यात. बारा वाजता ये."

सुट्टीच्या दिवशी गेले. बहुतेक झाडांनी पानं मिटली होती. सात झाडं मात्र पानं उघडी ठेवून ताठ होती, आणि प्रत्येकाला आईनं जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती. माझी वही निरुपयोगी ठरली होती, तरी मी हसत सुटले.

सातांपैकी चार झाडांना शेंगा भरदार होत्या. त्यांचं बी वेगवेगळं पेरलं. त्यांतल्या दोन झाडांच्या संततीत दुपारी ताठ राहण्याचा गुण उतरलाच नाही.

"ती दोन बांधाकडंची. तिथं ओल असंल. मला तवाच शंका आली व्हती," आई म्हणाली. कॉलेजातल्या माझ्या सरांचं मतही तेच पडलं.

उरलेल्या दोन झाडांच्या ओळी मात्र पिढ्यानपिढ्या दुपारी ताठ राहिल्या. आता त्या संशोधन केंद्रावर चाचणीत आहेत. यंदा तिथल्या शिवारफेरीला मी आईला घेऊन गेले; आळे, मढ या गावांचे शेतकरी आले होते. एकानं विचारलं, "ताई, हे वाण कुणी काढलं?"

मी आईकडं बोट दाखवलं. ती जराही लाजली नाही.

"लगीन पोरीनं लावलं, भाऊ. लेकरं मी निवडली."

सगळे हसले. मग ती पदर खोचून ओळींत शिरली आणि मिटलेलं पान कसं ओळखायचं ते दाखवू लागली. मी आणि सर त्या शेतकऱ्यांच्या मागं उभे राहून ऐकत होतो.