काट्यापुढची रांग

ऐंशीच्या दशकात, कोल्हापूरजवळच्या साखर कारखान्यात मी वजनकाट्यापुढची बैलगाड्यांची रांग कॉम्प्युटरवर उभी केली. गाडी आली, थांबली, वजन झालं, सुटली. प्रत्यक्षात मात्र मधलीच एखादी गाडी पुढं निघायची आणि माझं गणित बोंबलायचं. रांग मोडलेली मला खपत नसे. मी नंबराचे बिल्ले सुरू करायला लावले. गणित जुळलं.

आठवड्यानं एक गाडीवान बिल्ला परत द्यायला आला. त्याची बायको रांगेतच, उसाच्या गाडीवर बाळंत झाली होती.

“अवघडलेली बाई असली की गाडी फुडं सोडत हुतो की आमी, सायेब. नंबर लागला तवर पोर गार पडलं.”

मी पडद्यावर त्याचा नंबर शोधला. गाडी वेळेत सुटली होती. अजूनही डोळे मिटले की ती वेळेतच सुटते.