फुईच्या शहरात हॉटेलात उतरलो

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून लेकीने आम्हा नवरा-बायकोला मुंबईतल्या एका जुन्या, राजेशाही हॉटेलात दोन रात्रींची खोली घेऊन दिली. ती पुण्यात नोकरी करते, त्यामुळे आईबापाला काय आवडेल हे तिला आमच्यापेक्षा जास्त कळतं. मी धरणगावजवळच्या खेड्यात कापूस लावतो. मला शेवभाजी आणि दुपारची झोप आवडते. पण आता खोली घेतलीच आहे म्हटल्यावर ती रिकामी ठेवणं आमच्या रक्तात नाही.

अडचण एकच होती. तिथून जवळ, ठाण्यात, आमची फुई राहते. फुई म्हणजे माझी आत्या. आमच्या खानदेशात ज्या शहरात आपलं माणूस आहे तिथे हॉटेलात उतरणं म्हणजे त्या माणसाला जिवंतपणी मेल्यात जमा करणं. माझा एक चुलतभाऊ असाच मुंबईत लॉजवर राहिला होता. पुढे त्याच्या मुलीच्या लग्नात फुईने मानाची साडी परत केली, पाण्याचा घोटही घेतला नाही आणि त्याचं कारण मांडवभर सांगितलं. आता तिला माहेर म्हणून माझंच घर उरलंय. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आमच्याकडे लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, मग त्या सत्तरीच्या का असेनात. माझे वडील गेल्यावरही फुईने एकही आखाजी चुकवली नव्हती. ती यायची तेव्हा घरात वडील असल्यासारखं वाटायचं.

“फुईले समजनं ते आखाजी बंद,” बायको गाडीत म्हणाली.

“कोन सांगी तिले?” मी म्हणालो, आणि निर्धास्त झोपलो.

हॉटेल फार जुनं होतं आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. लिफ्टला लोखंडी जाळीचा दरवाजा. तिच्यातून पूर्वी गव्हर्नर वर जायचे, असं लिफ्टवाल्याने सांगितलं. लिफ्टचा वेग पाहता एखादा गव्हर्नर अजून आत सापडला असता तरी मला नवल वाटलं नसतं. खोलीतली लाकडी जमीन पाय टाकला की करकरायची. आमच्याकडे अशी जमीन करकरली तर सुताराला बोलावतात, इथे त्याचं कौतुक होतं. पलंग इतका उंच की चढायला पायरी ठेवलेली. त्यावर टॉवेलचे दोन हंस माना गुंतवून बसले होते. ते मोडवेनात म्हणून बायकोने पहिली आंघोळ करून अंग आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याने पुसलं. मग एक गृहस्थ कोणती उशी हवी ते विचारायला आले. मी म्हणालो, आहे तीच बरी आहे. ते बिचारे खट्टू होऊन गेले.

बायकोने हंसांचा फोटो काढून लेकीला पाठवला. फक्त लेकीला. लेकीने तो कौतुकाने भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकला, हॉटेलच्या नावासकट. त्या ग्रुपवर कुणी साधं गुड मॉर्निंग टाकलं तरी गुलाबांचा खच पडतो. आमच्या फोटोखाली कुणी एक अंगठासुद्धा टाकला नाही. बठ्ठा, म्हणजे सगळा खानदेश श्वास रोखून बसला होता.

थोड्या वेळाने फुईचा फोन आला.

“कोठे उतरनात तुम्ही?”

मी खोटं बोलणार होतो, पण हंस सगळ्यांनी पाहिले होते. मी हॉटेलचं नाव सांगितलं.

“बरं. येस मी,” एवढं बोलून तिने फोन ठेवला.

बायको रडायच्या बेतात होती. मी तिला धीर दिला, म्हणजे तिच्याबरोबर घाबरलो. संध्याकाळी फुई आली, हातात कापडी पिशवी घेऊन. गव्हर्नरच्या लिफ्टमधून उतरली, खोलीत शिरली आणि आम्हा दोघांकडे ढुंकूनही न बघता खोलीभर फिरली. पलंगाच्या चादरीवरून हात फिरवला. हंसांना बोट लावून पाहिलं. मी पाया पडायला वाकलो तर तिने पाय मागे घेतले. संपलं, मला वाटलं.

“हाऊ पलंग कोन करस?” तिने विचारलं.

“हॉटेलनी मानसं करतस, फुई.”

“आनि च्या?”

“फोन करा का आनी देतस.”

ती पायरी चढली आणि पलंगावर मांडी घालून बसली. पिशवीतून तिने स्वतःचं लुगडं काढून उशाला ठेवलं.

“मंग मी बी आठेच ऱ्हासू,” ती म्हणाली. “बठ्ठा गाव मन्हा घर झोपी गया. कोनी दवाखानाले उना, कोनी परीक्षाले. मी कोठे झोपस, कोनी इचारं का?”

ठाण्यात तिच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पाहुणे, आतल्या खोलीत फुवा, म्हणजे तिचे यजमान, आणि पोरं. बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी आम्ही तिथे महिनाभर होतो. फुई कुठे झोपते हे मी खरंच कधी पाहिलं नव्हतं.

“सैपाकघरमा,” तिनेच सांगितलं. “गॅसना टाकीना बाजूले. पाय लांबा करा का भांडा वाजतस.”

मला फार वाईट वाटलं. बायकोला तर रडूच फुटलं, पण फुईने तिला फोनकडे बोट दाखवून चहा सांगायला लावला. चुलतभावाच्या लॉजचं काय, असं मी विचारलं. “तो माले न सांगता गया,” ती म्हणाली, “नहीते मी बी त्यानासंगे जातू.”

त्या रात्री उंच पलंगावर फुई आणि बायको, आणि मी खाली जादा गादीवर. सकाळी फुईने उशीवाल्याला बोलावून चार प्रकारच्या उशा पाहिल्या, त्यातली एक पसंत केली आणि त्या गृहस्थांचं समाधान केलं. निघताना हॉटेलच्या पांढऱ्या सपाता पिशवीत टाकल्या. मी आणि बायको पिशवीकडे न बघता उभे राहिलो.

आखाजीला ती आली. एरवी ती आल्या आल्या पदर खोचून चुलीपाशी बसायची आणि खापरावर आम्हा सगळ्यांचे पुरणाचे मांडे करायची. माहेरपणाला आलेली बाई दिवसभर धुरात असायची आणि आम्ही तिच्या हाताची तारीफ करत जेवायचो. या वेळी ती सरळ अंगणातल्या झोक्यावर जाऊन बसली. पायांत त्या पांढऱ्या सपाता. बायकोने मांडे केले, ते जाड झाले आणि दोन फाटले. पुरण मी वाटलं. फुई झोका घेत आमच्याकडे बघत होती.

“भाऊ,” तिने हाक मारली, “च्या लई ये.”

मी हात धुतले आणि चहा ठेवला.