शालनमावशीला होडीत घेतलं नाही

दुपारपासून लिहीन लिहीन म्हणतोय आणि रील बघत बसलोय. आता लिहितोच.

सकाळी निघालो होतो वेंगुर्ल्याला, पण खाडीवर होडी दिसली की माझी गाडी थांबतेच. ओहोटीला आमच्या गावातल्या बायका होडीने पलीकडे जाऊन तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या काढतात. त्यावरच त्यांची चूल पेटते.

शालनमावशी टोपली घेऊन चढायला गेली, तर सुमनकाकीने वल्हं आडवं धरलं.

"खंय चल्लंस गो? तुझो डोंगर आमच्या खाडयेत इलो हा, तो काढ आधी."

मावशीने यंदा काजू लावायला डोंगराचा उतार जेसीबीने साफ केला होता. त्यात दिवाळी झाल्यावरही पाऊस धो धो पडला. सगळी लाल माती नदीतून खाडीत आली आणि तिसऱ्या चिखलाखाली गुदमरून मेल्या.

"पाऊस माका इचारून पडता काय गो?" मावशी म्हणाली.

"पावसाचा सोड. झाडां तर तूच तोडलंस मा?"

सगळ्या हसल्या. होडी गेली. मावशी गुडघाभर लाल पाण्यात तशीच उभी. तासाभराने होडी जवळजवळ रिकामीच परत आली, तरी एकीनेही तिच्याकडे बघितलं नाही.

चूक तिची होतीच. पण खाडीच बंद करायची? तुमच्या गावात काय करतात अशा वेळी?

थांबा, दारात कोणतरी आलंय. सुमनकाकी! आमच्याकडे कधी फिरकत नाही ती. विचारतेय, "तिसऱ्यो संपल्यो रे, आता खावचा काय? माझोय उतार साफ करूचो आसा. तो जेसीबीवालो खंय गावतलो?"