वडावरचं आग्यामोहोळ

मादन हिप्परग्यात मोबाईल दुरुस्त करणारा माझा एक दोस्त आहे. बोलणं मोजकंच. फोनला काही झालेलं नसलं की काच पुसून परत देतो, "चांगला हाय, घेऊन जावा." हौस एकच होती, रविवारी रानात ड्रोन उडवायची.

एकदा मी सोबत असताना त्याचा ड्रोन लांबच्या वडावर आग्यामोहोळाला घासला. खाली एक म्हातारा धनगर मेंढरं राखत होता. आम्ही धावत पोचेपर्यंत माशांनी त्याचा जीव घेतला होता.

घारीनं मोहोळ उठवलं असणार, असं गाव म्हणू लागलं. मी दोस्ताला म्हणालो, "गप बस. कुणी बघितलं न्हाई."

"मी बघितलो की."

तिसऱ्या दिवशी तो ड्रोन घेऊन धनगराच्या घरी गेला. मी दाराबाहेरच थांबलो. म्हाताऱ्याच्या बायकोपुढं हात जोडून तो म्हणाला, "अक्का, घार नव्हती. माझ्या ड्रोननं मोहोळ उठलं."

ती चिडली नाही. ड्रोनकडं बघत तिनं विचारलं, "ह्यात समदं दिसतंय म्हणं. मरताना त्यानं कुणाला हाक मारली?"

तो म्हणाला, "आवाज येत न्हाई त्यात, अक्का."