कानातली रुई

हे मी कोणाजवळ बोलले नाही. बहिणीजवळ नाही, मालकाजवळ नाही. मालक गेले, तेव्हाही नाही. तुम्ही बसलाच आहात, तर ऐका — मला नीट सांगता येईल का, माहीत नाही.

आम्ही पाचोऱ्याकडचे. मालक कापसाची गाडी हाकायचे, मी जिनात, म्हणजे सरकी काढून रुई करायच्या कारखान्यात, कापूस निवडायला जायची. माझी लेकरं जगत नव्हती. ही झाली, तेव्हा सासूनं तिला सुपात घालून ओढलं, म्हणून नाव सुपडी. जगली. पण पोर निराळी. शिवण टोचते म्हणून चोळी उलटी घालायची. भरीत बोटाला लागलं की ओकायची. भांडं पडलं तर अर्धा दिवस कोपऱ्यात. ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून उभी राहिली, की मग कुठं शांत.

"एकच पोर, ती बी येडी," सासू म्हणायची. दळताना, निवडताना, चारचौघीत. मी मान खाली घालायची.

येडी नव्हती. मला माहीत होतं — कसं माहीत होतं, तेच तर सांगायचंय.

पाच-सहा वर्षांची असेल. श्रावणात घरी कानबाई देवी बसली, दुसऱ्या दिवशी विसर्जनाला नदीवर निघाली. दारापुढं ढोल घुमला आणि पोर किंचाळली. कान दाबून गरगर फिरली, खाली पडली. कोणीतरी ओरडलं, "पोरना अंगमा कानबाई उनी वं! बठ्ठा पाया पडा!" पोरीच्या अंगात आली म्हणून बाया धावल्या. कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला. सासूही वाकली — माझ्या पोरीपुढं! त्या दिवशी तिनं मला आधी वाढलं. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

तेव्हाच बोलायचं होतं ना? की अंगात काही नाही, पोरीला ढोल सहन होत नाही. नाही बोलले.

एवढंच असतं तर — पण पुढच्या श्रावणात मीच तिला हाताला धरून ढोलापुढं नेलं. त्याच्या पुढच्याही. ती जितकी किंचाळायची, तितका ढोलवाला जवळ येऊन वाजवायचा. कानबाईला आवडतं म्हणून. मी मागं उभी, पदर गालापर्यंत ओढलेला.

त्या पदराखाली काय होतं? रुई. जिनातून आणलेली, दोन्ही कानांत कोंबलेली. मलाही लहानपणापासून तसंच. ढोल वाजला की डोक्यात खिळा ठोकल्यासारखं. जिनात तर रुईशिवाय दिवस निघाला नसता. म्हणजे पोरीला काय होतंय, ते त्या गर्दीत मला एकटीलाच कळत होतं. आणि मी माझेच कान झाकले.

एका वर्षी कानांत रुई भरताना तिनं मला पाहिलं. जवळ आली. "तुना कान बी दुखतस का वं माय?" रागानं नाही — खूश होऊन विचारलं! सोबतीला कोणी सापडल्यासारखं. मी म्हणाले, "चूप." आणि नेलं बाहेर.

त्या वर्षी ती किंचाळली नाही. मनगट दातांत धरून उभी राहिली, माझ्याकडं बघत. रक्त आलं. बाया म्हणाल्या, कानबाई सोडून गेली. मी थांबवलं असं समजू नका. पोरीनंच थांबवलं.

आता ती पिंपळनेरकडं नांदते. नवरा समजूतदार. यंदा कानबाईला आली, धाकट्या लेकीला घेऊन. तीही तशीच, चोळी उलटी. लांबून ढोल आला, तशी सुपडीनं वातीचा कापूस घेतला, तळहातावर वळला. आधी लेकीच्या कानांत, मग स्वतःच्या. सगळ्या बाया बघत होत्या — तिला त्याचं काही नव्हतं. नात दारात उभी राहिली आणि फुगड्या बघून हसायला लागली. ढोल समोर असून!

मग सुपडीनं उरलेला कापूस माझ्यापुढं धरला. मनगटावर डाग अजून आहे.

मी पदर मागं घेतला. सगळ्यांच्या देखत कापूस कानांत घातला. नातीनं माझं बोट धरलं होतं. ढोल दारावरून गेला.

पण मला कळत होतं — सगळी वर्षं कळत होतं — हे तोंडानं मी तिला अजून सांगितलं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी येणार आहे. तेव्हा सांगीन. ती काय म्हणेल, ते तिचं.